फाइल त्यांच्या सर्व्हरवर, पान तुमच्या चौकटीत

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या तालुक्याच्या बातम्या एका जागी देणारं संकेतस्थळ मी चालवतो. वर आमचं नाव, बाजूला स्थानिक दुकानांच्या जाहिराती आणि मधे आयफ्रेममध्ये, म्हणजे माझ्या पानातल्या एका चौकटीत, त्या त्या वृत्तपत्राचं मूळ पान उघडतं. शासन निर्णयांची आणि योजनांची सरकारी पानंही तशीच दाखवतो. दुसऱ्याची एक ओळसुद्धा माझ्या सर्व्हरवर नाही. तरी एका वृत्तपत्राच्या वकिलांनी कॉपीराइट भंगाची नोटीस पाठवली आहे. कॉपीच केली नाही, तर कॉपीराइटचा भंग कसा?"

आधी करायचं काम सांगतो, कारणं मागाहून. तुमच्या पानांचे आज दिसतात तसे स्क्रीनशॉट आणि सर्व्हरचे लॉग जपून ठेवा. मग नोटीस पाठवणाऱ्या वृत्तपत्राची सगळी पानं फ्रेममधून काढा आणि तिथे साधी लिंक द्या, जी नव्या टॅबमध्ये त्यांच्याच पत्त्यावर उघडेल. पानं काढली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. उत्तरात "आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून" हे शब्द घातले की पुरे. नोटीस हातात असताना फ्रेम चालू ठेवणं मात्र महागात पडू शकतं, कारण त्या तारखेपासून "मला माहीत नव्हतं" हे म्हणण्याची सोय उरत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. "मी कॉपी केली नाही" हे तुमचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. आयफ्रेममध्ये तुमचा सर्व्हर वाचकाच्या ब्राउझरला फक्त एक पत्ता देतो. ब्राउझर त्या पत्त्यावर जातो, वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून पान आणतो आणि तुम्ही आखलेल्या चौकटीत मांडतो. बातमीची अक्षरं तुमच्या यंत्रातून जातच नाहीत. वाचकाच्या ब्राउझरमध्ये जी तात्पुरती प्रत तयार होते, तिला आपल्या कायद्याच्या कलम ५२(१)(बी)चं संरक्षण आहे. पण कॉपीराइट म्हणजे फक्त प्रत काढण्याचा हक्क नव्हे. कलम १४ मध्ये जे हक्क लेखकाला किंवा मालकाला दिले आहेत, त्यांत कृती लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क वेगळा लिहिलेला आहे. तुमचा वाद त्या दुसऱ्या हक्काचा आहे. पहिल्या हक्कावर तुम्ही जिंकलात तरी दुसऱ्याचं उत्तर द्यावंच लागेल.

हा वाद वेबइतकाच जुना आहे. फ्रेमची सोय नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये १९९६ साली आली आणि वर्षभरातच ती न्यायालयात पोहोचली. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातली टोटलन्यूज नावाची कंपनी अगदी तुम्ही करता तेच करत होती. मधल्या चौकटीत मोठ्या वृत्तसंस्थांची पानं, भोवती स्वतःचं नाव, बटणं आणि जाहिराती. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत पत्ताही टोटलन्यूजचाच. फेब्रुवारी १९९७ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, सीएनएन, टाइम, डाउ जोन्स, रॉयटर्स आदींनी मिळून न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. त्यात कॉपीराइट होता, पण त्याच्या बरोबरीनं व्यापारचिन्हाचा भंग आणि दुसऱ्याच्या मेहनतीवर डल्ला मारल्याचा आरोपही होता. जून १९९७ मध्ये तडजोड झाली: टोटलन्यूजनं फ्रेम बंद करायच्या, शब्दांतली साधी लिंक मात्र देता येईल. निकाल लागलाच नाही, त्यामुळे कायद्याचा प्रश्न तिथे सुटला नाही. तरी व्यवहारात जी रेघ तेव्हा आखली गेली, ती आजही मला सर्वांत समंजस वाटते. लिंक द्या, पण दुसऱ्याच्या पानाला आपलं घर बनवू नका.

पुढे अमेरिकेत तुमच्या बाजूचा एक मोठा निवाडा आला. पर्फेक्ट टेन विरुद्ध ॲमेझॉन व गूगल, नाइन्थ सर्किट (कॅलिफोर्निया ज्याच्या हद्दीत येतं ते अपील न्यायालय), २००७. गूगलच्या चित्रशोधात मोठं चित्र मूळ संकेतस्थळावरूनच येत असे, गूगल त्याला फक्त चौकट देत असे. न्यायालयानं म्हटलं, चित्राची प्रत ज्याच्या सर्व्हरवर आहे तोच ते "दाखवतो", पत्ता देणारा नव्हे. याला सर्व्हर टेस्ट म्हणतात. सगळं गूगलचंच पान आहे असा गैरसमज फ्रेममुळे काहींचा होऊ शकतो, हे न्यायालयानं मान्य केलं. पण असा गैरसमज रोखण्याचं काम व्यापारचिन्हाच्या कायद्याचं आहे, कॉपीराइटच्या नव्हे, असं त्याचं मत पडलं. हाच नियम त्याच न्यायालयानं २०२३ साली इन्स्टाग्रामच्या एम्बेडबद्दलच्या, म्हणजे तिथली पोस्ट आपल्या पानात जडवून दाखवण्याबद्दलच्या, हन्ली खटल्यात कायम ठेवला.

म्हणजे अमेरिकेत तुम्ही सुटला असता का? कॅलिफोर्नियात कदाचित, न्यूयॉर्कमध्ये खात्री नाही. २०१८ साली न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात गोल्डमन खटला आला. फुटबॉलपटू टॉम ब्रेडीचा एक फोटो कोणीतरी ट्विटरवर टाकला होता आणि वृत्तसंस्थांनी ते ट्वीट आपल्या बातम्यांत एम्बेड केलं होतं. न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी सर्व्हर टेस्ट नाकारली. फोटो कुठल्या यंत्रात पडलाय हे बघून जबाबदारी ठरवता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२१ मध्ये उपासमारीनं खंगलेल्या ध्रुवीय अस्वलाच्या व्हिडिओवरून झालेल्या निकलेन खटल्यात न्यायाधीश रॅकॉफ यांनीही तेच म्हटलं. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, दोन टोकांची दोन मतं.

युरोपची वाट निराळी, आणि तुमच्या बाबतीत ती अभ्यासण्यासारखी. स्वीडनमधल्या पत्रकारांचे लेख एका वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले होते आणि दुसरी कंपनी आपल्या ग्राहकांना त्यांच्या लिंक देत होती. स्वेन्सन खटल्यात, १३ फेब्रुवारी २०१४ रोजी, युरोपीय न्यायालयानं ठरवलं की जे आधीच साऱ्या जगाला खुलं आहे, त्याची लिंक दिल्यानं "नवा श्रोतृवर्ग" तयार होत नाही, म्हणून परवानगी लागत नाही. मजकूर लिंक देणाऱ्याच्याच पानावर असल्याचा भास झाला तरीही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेस्टवॉटर प्रकरणात हेच तत्त्व फ्रेमला लावलं गेलं. पाणी शुद्धीकरणाची यंत्रं विकणाऱ्या कंपनीची छोटी फिल्म यूट्यूबवर होती आणि प्रतिस्पर्ध्याच्या दोन विक्री प्रतिनिधींनी ती आपल्या पानात फ्रेम करून दाखवली होती. मग २०१६ च्या जीएस मीडिया निकालानं एक अट जोडली. मूळ सामग्रीच बेकायदा टाकलेली असेल आणि तुम्ही नफ्यासाठी लिंक देत असाल, तर तुम्हाला ते माहीत होतं असं गृहीत धरलं जाईल. शेवटी ९ मार्च २०२१ चा फाउ-गे बिल्ड-कुन्स्ट निकाल. मालकानं फ्रेम रोखणारं तांत्रिक कुलूप लावलं असेल आणि ते चुकवून कोणी फ्रेम केलं, तर परवानगी लागते. नुसतं "फ्रेम करू नका" असं लिहून भागत नाही, परिणामकारक तांत्रिक उपाय हवा, असं न्यायालयानं स्पष्ट केलं.

हे सगळं इतक्या तपशिलानं सांगतोय, कारण तुमच्यासारखे अनेक जण कुठेतरी सर्व्हर टेस्टबद्दल वाचतात आणि तोच जगाचा कायदा समजून धंदा उभा करतात. भारतात तो कायदा नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं फ्रेमवर थेट निवाडा दिलेला नाही, म्हणून कायद्याचे शब्दच वाचावे लागतात. ते शब्द तुमच्या विरुद्ध झुकतात असं माझं मत आहे.

अमेरिकी कायद्यात "डिस्प्ले"ची व्याख्या आहे कृतीची "प्रत" दाखवणं. सर्व्हर टेस्टचा सगळा डोलारा त्या "प्रत" शब्दावर उभा आहे: प्रत तुमच्याकडे नाही, मग दाखवणारे तुम्ही नाही. आपल्या १९५७ च्या कायद्याचं कलम २(एफएफ) काढून पाहा, त्यात "लोकांपर्यंत पोहोचवणं" याची व्याख्या आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा आशय असा: कोणतीही कृती लोकांना पाहता, ऐकता किंवा अन्यथा आस्वादता येईल अशी उपलब्ध करून देणं, मग ते थेट असो किंवा प्रदर्शनाच्या वा प्रसारणाच्या कुठल्याही साधनानं, भौतिक प्रती वाटण्याखेरीज. प्रत्यक्षात कोणी पाहिलं की नाही याला महत्त्व नाही. इथे प्रत कुणाच्या ताब्यात आहे याचा उल्लेखच नाही. "कुठल्याही साधनानं" या शब्दांत आयफ्रेम बसत नाही, असं न्यायाधीशांना पटवणं मला तरी अवघड वाटतं.

तुमच्या बाजूनं युक्तिवाद नाहीच असं नाही. बातमी वृत्तपत्रानं स्वतःच खुली केली होती, त्यांनी पान काढलं की माझी चौकटही रिकामी होते, म्हणजे उपलब्ध करून देणारे तेच, मी फक्त बोट दाखवलं. स्वेन्सनचा आधार घेऊन मी हा मुद्दा जरूर मांडेन. पण पुढचा प्रश्न येईल: बोट दाखवणारा माणूस भोवती स्वतःची पाटी आणि जाहिराती का लावतो? गावातल्या चौकातलं वार्ताफलक आठवा. वाचनालय काचेमागे वृत्तपत्र लावतं, येणारा-जाणारा उभ्या उभ्या वाचतो, कुणाची तक्रार नसते. ते वृत्तपत्र विकत घेतलेलं असतं, त्याचं नाव वर ठळक दिसत असतं. उद्या कुणी त्या नावावर आपल्या दुकानाची पट्टी चिकटवली आणि शेजारच्या जाहिरातींचं भाडं घ्यायला लागला, तर वृत्तपत्र गप्प बसेल का? तुमच्या संकेतस्थळावर तर विकत घेतलेली प्रतही नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं कलम, ५२(१)(सी). इलेक्ट्रॉनिक लिंक, प्रवेश किंवा "इंटिग्रेशन" म्हणजे एकत्र जोडणी पुरवण्यासाठी होणारी क्षणिक वा आनुषंगिक साठवण ही भंग ठरत नाही, असं ते सांगतं. वाचून तुम्हाला हायसं वाटेल. पण दोन गोष्टी नीट पाहा. पहिली, ही सूट साठवणुकीला आहे; लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या हक्काबद्दल ती काही बोलत नाही. दुसरी, ही सूट तेव्हाच, जेव्हा मालकानं अशी लिंक वा जोडणी "स्पष्टपणे मना" केलेली नसेल. युरोपात मालकाला कुलूप लावावं लागतं. आपल्याकडे, निदान या कलमापुरतं, स्पष्ट शब्दांतली मनाई पुरते. म्हणून त्या वृत्तपत्राच्या वापराच्या अटी उघडून पाहा. "फ्रेमिंग" हा शब्द तिथे असेल तर ही सूट तुमच्या हातून गेली. नसेल, तर नोटीस आल्याच्या दिवसापासून ती गेली असं धरून चाला.

याच कलमाखाली लेखी तक्रारीची पद्धत आहे. २०१३ च्या नियमांतल्या नियम ७५ प्रमाणे नीट तक्रार आली, तर ३६ तासांत प्रवेश थांबवायचा, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर पुन्हा सुरू करता येतं. तक्रारदारानं आपली मालकी दाखवायची असते आणि २१ दिवसांत आदेश आणण्याची हमी द्यायची असते. तुम्हाला आलेल्या नोटिशीत यातलं काय आहे, काय नाही, हे तुमच्या वकिलांना तपासू द्या. पण २२ व्या दिवशी फ्रेम पुन्हा चालू करायच्या या हिशेबानं त्याकडे पाहू नका.

"मी तर मध्यस्थ आहे, इतरांचा मजकूर फक्त पोहोचवतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ मला वाचवेल" हा युक्तिवादही ऐकलाय. मायस्पेस प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं डिसेंबर २०१६ मध्ये मध्यस्थांना बराच दिलासा दिला, हे खरं. तिथे गाणी लाखो वापरकर्ते चढवत होते आणि संकेतस्थळाला प्रत्येक गाण्याची नेमकी माहिती असणं शक्य नव्हतं. तुमच्याकडे कुठली बातमी दाखवायची हे रोज सकाळी तुम्ही स्वतः निवडता. निवडणारा माणूस निव्वळ मध्यस्थ राहत नाही. आणि "त्यांनी कॉपीराइटची नोंदणीच केलेली नाही" हे तर उत्तरात लिहूच नका. नोंदणी सक्तीची नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ च्या संजय सोया प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं आहे.

या प्रकारात दुसऱ्या बाजूनंही मी उभा राहिलो आहे, आणि तो अनुभव माझ्या मनात घर करून आहे. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी जुन्या अंकांतल्या कथा संकेतस्थळावर खुल्या ठेवल्या होत्या. एका पोर्टलनं त्या फ्रेम करून दाखवल्या. फ्रेम अशी वर सरकवलेली होती की अंकाचं नाव आणि कथालेखकाचं नाव दोन्ही पडद्याबाहेर जावीत. वाचकांची कौतुकाची पत्रं त्या पोर्टलला जात होती. ज्यांची कथा होती त्या बाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "माझं नाव कुठं गेलं?" पैशाचा विषयही काढला नाही. कलम ५७ अशा वेळी कामी येतं. लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क, कॉपीराइट विकल्यानंतरही टिकणारा. कृती लेखकाच्या मनासारखी दाखवली नाही एवढ्यानं या कलमाचा भंग होत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण सांगतं, म्हणून नुसती चौकट लहान आहे अशी तक्रार टिकणार नाही. नाव झाकणं ही गोष्ट वेगळी.

संपादकांना त्याच संध्याकाळी कुलूप लावायचं होतं. मी दोन दिवस थांबवलं, कारण कुलूप लागलं की समोरच्या फ्रेम कोऱ्या होतात आणि पुरावाही जातो. आधी स्क्रीनशॉट, पडद्याचं चित्रीकरण, पानाचा सोर्स कोड आणि त्यांना जोडायचं प्रमाणपत्र. तेव्हा ते पुरावा कायद्याच्या कलम ६५बी खाली लागे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञानं भरायचा, आणि फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे ती बदललेली नाही हे ओळखायचा तिचा अंकी ठसा, द्यावं लागतं. मग कुलूप. ते अगदी साधं आहे. सर्व्हरनं पानासोबत पाठवायच्या सूचनांत एक्स-फ्रेम-ऑप्शन्स किंवा त्याहून नवी फ्रेम-ॲन्सेस्टर्स ही सूचना घातली की दुसऱ्या कुणाच्याही चौकटीत ब्राउझर ते पान उघडत नाही. मुळात ही सोय सुरक्षिततेसाठी, फ्रेमआड बटण लपवून लोकांना फसवणारे रोखण्यासाठी आली. छोट्या प्रकाशकांना, अंकवाल्यांना, ब्लॉग लिहिणाऱ्यांना मी कळकळीनं सांगतो: ही एक ओळ आजच घाला आणि वापराच्या अटींत फ्रेमिंगला मनाई लिहा. दोन्ही करा. आणि तुम्हाला सांगायचं ते हे, की असं कुलूप कुठे आढळलं तर मधे स्वतःचा सर्व्हर घालून पान आणण्याचा मार्ग कुणी सुचवेल, तो घेऊ नका. तेव्हा प्रत तुमच्या यंत्रात येते, आणि हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक उपाय चुकवणं हा कलम ६५ए खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

सरकारी पानांबद्दल तुम्ही निश्चिंत दिसता, तसे राहू नका. अनेक सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी "हायपरलिंक धोरण" नावाचं पान असतं. त्यातला मजकूर बहुधा एकसारखाच: थेट लिंक द्यायला हरकत नाही, पूर्वपरवानगीही नको, पण आमची पानं तुमच्या संकेतस्थळावर फ्रेममध्ये उघडायला परवानगी नाही, ती नव्या विंडोत उघडली पाहिजेत. यापेक्षा स्पष्ट मनाई कुठली असणार? शिवाय योजनेच्या अर्जाचं पान तुमच्या चौकटीत उघडलं आणि शेतकऱ्यानं तिथे आधार क्रमांक भरला, तर पत्त्याच्या पट्टीत त्याला सरकारचा पत्ता दिसतच नाही. लोकांना ती सवय लावणं धोक्याचं आहे. नोटीस येण्याची वाट न पाहता ही पानं काढा.

यूट्यूबच्या व्हिडिओंचं तसं नाही. तिथे एम्बेडची सोय मंचानेच दिलेली असते, चढवणाऱ्यानं मंचाच्या अटी स्वीकारलेल्या असतात आणि त्याला ती सोय बंदही करता येते. वृत्तपत्राच्या अधिकृत चॅनेलवरचा व्हिडिओ त्यांच्याच कोडनं लावलात तर मला फार चिंता नाही. कुणा तिऱ्हाइतानं चढवलेला नाटकाचा किंवा सिनेमाचा तुकडा मात्र लावू नका.

तुमचं संकेतस्थळ बंद करायची गरज नाही. घटनेवर कुणाचा कॉपीराइट नसतो, तो बातमीच्या मांडणीवर असतो. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, बाजार समितीत कांद्याला काय भाव मिळाला, हे तुम्ही स्वतःच्या शब्दांत दोन-तीन ओळींत लिहा, खाली वृत्तपत्राचं नाव साध्या अक्षरांत द्या आणि लिंक जोडा. त्यांचा लोगो वापरू नका. व्यापारचिन्हाचा दुसरा दावा कशाला ओढवून घ्यायचा? यात रोजचा तासभर जास्त जाईल, पण ते लिखाण तुमचं असेल.

नोटिशीच्या उत्तरात चार गोष्टी येऊ द्या: फ्रेम कुठल्या तारखेला काढल्या, मजकूर कधीही साठवला नव्हता, हक्क अबाधित ठेवून हे केलं आहे, आणि ठरावीक अटींवर त्यांच्या बातम्या दाखवण्याची परवानगी हवी असल्यास कुणाशी बोलायचं अशी विचारणा. भरपाईचा आकडा नोटिशीत असेल तर त्यावर स्वतः काही लिहू नका, फोनवरही बोलू नका. कलम ६२ मुळे दावा त्यांच्या कार्यालयाच्या गावी लागू शकतो, तेव्हा तिथल्या जिल्हा न्यायालयात काम करणारे वकील आधीच पाहून ठेवा. नोटिशीत दिलेली मुदत संपण्याच्या दोन दिवस आधी उत्तर पोचपावतीच्या टपालानं आणि ईमेलनं, दोन्ही मार्गांनी गेलेलं असू द्या.